विसावी ओळ

आमच्या शाळेच्या प्रत्येक स्मरणिकेत माझा फोटो असतो. आधीच्या स्मरणिकांत काळ्या केसांचा, नंतरच्या स्मरणिकांत पांढऱ्या केसांचा, आणि खाली एकच ओळ: शाळेचे पहिले विद्यार्थी. कार्यक्रमाला मला पुढच्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई दर वेळी सांगतात की या परिसरात आज सात-आठ शाळा आहेत, पिवळ्या बसगाड्यांच्या रांगा लागतात, पण सगळ्यांच्या आधी ही शाळा होती आणि तिच्या दाखल-खारीज रजिस्टरात पहिलं नाव सरांचं आहे. बाई खोटं बोलत नाहीत. रजिस्टरात पहिलं नाव माझंच आहे. ते मी माझ्या हाताने लिहिलेलं आहे. यंदा पुन्हा समितीचं पत्र आलं की पहिल्या विद्यार्थ्याच्या आठवणी दोन पानांत लिहून द्या. दोन पानांत ते मावणार नाही, आणि ते छापणारही नाहीत, म्हणून इथे, माझ्या स्वतःच्या पुस्तकात लिहितो आहे.

आम्ही खामगावात राहायला आलो तेव्हा त्या भागाला नाव नव्हतं. कापसाच्या एका जुन्या जिनाच्या पाठीमागे होता म्हणून लोक त्याला ‘जिनामागं’ म्हणत. जिनाची दगडी भिंत, भिंतीला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, त्यांना म्हणत लाइन. मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे चुन्याने आखलेले प्लॉट, त्यांना म्हणत लेआउट. लाइनीत बहुतेक घरं बौद्धांची होती. बाया कापूस वेचून साफ करायच्या, पुरुष रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालवायचे आणि गाठी वाहायचे. लेआउटमध्ये आमच्यासारखी माणसं: कारकून, एसटीतले लोक, दोन-तीन दुकानदार, एक कंपाउंडर. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्याच जिनात हेडकारकून होते. मूळचे आम्ही पिंपळगाव राजाचे. तिथलं थोडं शेत चुलते करायचे आणि वर्षाची ज्वारी बैलगाडीने आमच्याकडे यायची.

दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चालायचं. यंत्रांची घरघर भिंतींतून घरात शिरायची आणि फडताळातल्या कपबशा दिवसभर बारीक किणकिणत राहायच्या. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हाला इतकी सवय होती की मोसम संपून जिन बंद झालं तरी पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांवर ओरडतच असायचो, आणि माय कपाळाला हात लावून म्हणायची, “हळू बोला रे बाप्पा, जिन बंद झालं, कान नाही.” कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे. वरणावर पुंजका आला की फुंकर मारून बाजूला सारायचा आणि जेवायचं. सरकीचा आणि ढेपेचा तेलकट वास अंथरुणांनाही यायचा. थंडीत रविवारी माय गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायची, वांग्याच्या भाजीत भरपूर लसूण घालायची. एरवी भाकर आणि ठेचा. आणि भाकरी ठेवायला एक कागदाचं टोपलं असायचं. त्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीचा शेवट त्या टोपल्यात आहे. आमच्याकडच्या बाया तेव्हा रद्दी कागद वाया जाऊ देत नसत. कागद फाडून घमेल्यात चार दिवस भिजत घालायचा, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, उखळात कुटून लगदा करायचा आणि पालथ्या गुंडावर, म्हणजे पितळी घागरीवर, थापून वाळवायचा. वाळल्यावर गुंड काढून घ्यायचा की झालं टोपलं. वरून खळ लावून कोऱ्या किंवा चांगल्या कागदाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे लगद्याचे खडे हाताला लागत नाहीत. मायला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या कागदाचं टोपलं घट्ट होतं आणि कुठल्याचं भुसभुशीत, हे तिला हात लावताच कळायचं.

शाळा लाइनीत होती. लाइनीच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती, तिथे हिवराळे गुरुजी मुलांना शिकवायचे. ते स्वतः सातवीची परीक्षा पास झालेले, दिवसा जिनाच्या काट्यावर वजनं लिहायचे आणि पाळी बदलून घेऊन सकाळी शाळा भरवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. बसायला बारदानाचे तुकडे, फळा म्हणून डांबर लावलेली एक पत्र्याची पाटी. पण रजिस्टर मात्र खरं होतं. गुरुजींनी ते बाजारातून विकत आणलेलं, लाल कापडी पाठीचं, आणि त्यात प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सगळं काळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. जन्मतारखा आयांना ठाऊक नसायच्या. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली,” “कापूस फुटला होता तवा,” असं त्या सांगायच्या, आणि गुरुजी जुनी पंचांगं मिळवून त्यावरून तारीख काढायचे. एकेका तारखेला त्यांना आठ-आठ दिवस लागायचे. नगरपालिकेची शाळा रेल्वे फाटकापलीकडे, आणि मी आठ वर्षांचा, म्हणून दादांनी मला नाइलाजाने या शाळेत घातलं. लेआउटमधून नाला ओलांडून जाणारा मी पहिला. शाळेतून आलो की माय मला अंगणातच थांबवून हातपाय धुवायला लावायची, सदरा बदलायला लावायची. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

गुरुजींच्या रजिस्टरात माझं नाव विसाव्या ओळीवर होतं. पहिल्या ओळीवर होती शेवंता.

शेवंता सखाराम तायडे. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, चौथीत, उंच, दात किंचित पुढे, आणि हसली की हाताने तोंड झाकायची. तिची आई जिनात कापूस वेचायची. गुरुजी काट्यावर अडकले की तीच शाळा घ्यायची. मी गावच्या शाळेत दोन वर्षं काढून आलो होतो, तरी माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. ‘ळ’ तर मला काढताच येत नव्हता. तिने माझा हात धरला आणि पाटीवर फिरवला.

“भाकर कशी फुगते तव्यावर? दोन्हीकून फुगव. असा. आता मधात दाब.”

“तुले कोनं शिकोलं?”

“गुरुजीनं. आन् आता तुले म्या शिकोलं, तं तू कोनाले शिकोशीन?”

मी म्हणालो, “माह्या पोराले.”

सगळी शाळा हसली. “पाह्य, पोट्ट्याले आत्ताच लगन पाह्यजे!” ती म्हणाली आणि हाताने तोंड झाकलं. त्यानंतर वर्षभर ती मला ‘नवरदेव’ म्हणायची. तिच्यामुळे माझं अक्षर वळणदार झालं. पुढे आयुष्यभर लोकांनी ज्या अक्षराची तारीफ केली, माझ्या लग्नपत्रिकेपासून माझ्या निवृत्तीच्या मानपत्रापर्यंत जे अक्षर वापरलं गेलं, ते तिचं आहे.

लेआउटमध्ये घरं वाढली तशी मुलं वाढली, आणि लाइनीतल्या शेडमध्ये मुलं पाठवायला लोक कुरकुरू लागले. मी शाळेत गेलो त्याच महिन्यात लेआउटच्या चार-पाच जणांनी एक शिक्षण समिती काढली होती. दादा तिचे चिटणीस. वर्षभरात समितीने नाल्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, दोन खोल्या बांधल्या आणि शाळा तिथे आणली. तोपर्यंत शेवंता चौथी होऊन आईबरोबर जिनात जाऊ लागली होती. लाइनीतली मुलं चौथी झाली की जिनातच जायची. आमचा वर्ग मात्र पुढे सरकत गेला आणि शाळाही आमच्याबरोबर पाचवी, सहावी, सातवीपर्यंत वाढली. सातवी झाली तसे मान्यतेचे कागद सुरू झाले. मान्यता मिळाली तर अनुदान, शिकलेले मास्तर, पक्की इमारत. नाही मिळाली तर आमच्या सातवीच्या दाखल्याला कुठेच किंमत नव्हती. त्यासाठी बाहेरगावचे एक ट्रेनिंग झालेले हेडमास्तर आणले. हिवराळे गुरुजींचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. त्यांना समितीने शिपाई म्हणून ठेवलं, म्हणजे घंटा वाजवायला. शिपायाने पाणीही भरायचं असतं, पण लेआउटच्या बायांनी माठाला त्यांचा हात लागू द्यायचा नाही असं सांगितलं, म्हणून पाण्याला दुसरा माणूस. गुरुजी नाही म्हणाले नाहीत. काट्यावरची नोकरी सोडून ते आले. मला वाटतं, त्यांना शाळेजवळ राहायचं होतं.

तपासणीला डिप्टी, म्हणजे शिक्षण खात्याचे अधिकारी, येणार असं ठरलं. त्याआधी समितीच्या लक्षात आलं की रजिस्टर समितीपेक्षा जुनं आहे. समिती नव्हती तेव्हा शाळा कशी होती, असं डिप्टींनी विचारलं असतं. शाळा समितीने काढली असं अर्जात लिहून बसले होते. दादांनी एका रविवारी दुपारी गुरुजींना घरी बोलावलं. गुरुजी ओसरीच्या पायरीवर बसले, रजिस्टर फडक्यात गुंडाळून मांडीवर.

“गुरुजी, हे नवीन करून घेऊ,” दादा म्हणाले. “समितीच्या तारखेपासून. तुमचे पहिले एकोणीस जण तं सगळे शाळा सोडून गेले. गेलेल्या पोराईचं नाव काय करायचं?”

“दादासाहेब, लागते नाव. कोणाले कधी लागन, सांगता येत नाही.”

“मान्यता येऊ द्या. मग पुरवणी जोडू त्याईची. मी सांगून राह्यलो ना तुम्हाले.”

गुरुजींनी बराच वेळ फडक्याची गाठ सोडली नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “लिहिणार कोण?”

“आपला मध्या. त्याच्यासारखं अक्षर कोणाचं आहे?”

ते ऐकून गुरुजींचा चेहरा बदलला. त्यांनी रजिस्टर दादांच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं. “मधू लिहिते म्हणता तं ठीक आहे,” म्हणाले. “तो नीट लिहीन.”

मी नीट लिहिलं. चार दुपारी ओसरीवर बसून, नवं रजिस्टर पाटावर ठेवून, नवा टाक आणून. जुन्या रजिस्टरातली विसावी ओळ नव्या रजिस्टराच्या पहिल्या ओळीवर आली, एकविसावी दुसऱ्यावर, आणि पुढे तसंच. माझ्या नावात ‘ळ’ नव्हता, पण गावाच्या नावात होता, आणि पिंपळगाव लिहिताना मी तो दोन्हीकडून फुगवला. मी एकही अक्षर खोटं लिहिलं नाही. आयुष्यभर मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि हे खरंच आहे. मी फक्त एकोणीस ओळी सोडल्या. पहिल्या क्रमांकासमोर माझं नाव उमटलं तेव्हा मला वाईट वाटलं का? नाही. छान वाटलं. मी शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो होतो.

डिप्टी आले, श्रीखंड खाऊन गेले, आणि मान्यता आली. पुरवणी कुणी जोडली नाही. गुरुजींनी दोनदा आठवण केली, मग तेही गप्प झाले.

मग दिवाळीनंतर, जिन सुरू झालं तेव्हा, एक दिवस आमच्या वर्गात निरोप आला की मधुकरला ऑफिसात बोलावलंय. आत हेडमास्तर खुर्चीत, दादा बाकावर, गुरुजी दाराशी उभे, आणि टेबलापुढे शेवंता. तिला मी कितीतरी दिवसांनी जवळून पाहत होतो. धुतलेलं पातळ, केसांना तेल, तरी कानाच्या मागे कापसाचा पुंजका अडकलेला. जिनातून येऊन संध्याकाळी गुरुजींकडे बसून तिने सातवीचा अभ्यास पुरा केला होता. ती बाहेरून सातवीला बसणार होती, आणि बुलढाण्याला मुलींच्या वसतिगृहात राहून मास्तरीणबाईचं ट्रेनिंग करणार होती. गुरुजींनी तिथे बोलणं करून ठेवलं होतं. त्यांना पाहिजे होता फक्त चौथी पास होऊन शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेसकट. त्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते, आणि मुदत संपायला चार दिवस राहिले होते.

“रजिस्टरात नाव असल्याशिवाय मला दाखला देता येणार नाही,” हेडमास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “हे म्हणतात जुनं रजिस्टर होतं. कुठे आहे?”

“वाळवीनं खाल्लं,” दादा म्हणाले.

ते आमच्या घरी माळ्यावर होतं. फडक्यात. मी सकाळीच पाहिलं होतं.

गुरुजी म्हणाले, “साहेब, याले विचारा. यानंच उतरोलं. पहिलं नाव कोणाचं होतं ते हा सांगन.” ते अगदी निश्चिंत होते. मला अजून त्यांचा तो चेहरा दिसतो; कितीही अडलं तरी आता सुटलंच, असा.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. “मधुकर, जुन्या रजिस्टरात हिचं नाव होतं? तू हो म्हणालास तर मी लेखी घेतो, गुरुजींची सही घेतो आणि दाखला देतो. माझी जबाबदारी.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मला धाक घातला असता, डोळे वटारले असते, तर आज मला सांगायला काहीतरी राहिलं असतं. तसं काही झालं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की मी हो म्हणालो तर दादा खोटे पडतील, आणि माझा पहिला नंबर जाईल. यातलं कुठलं जास्त वजनाचं होतं हे मी गेली साठ वर्षं ठरवू शकलेलो नाही. खरं सांगायचं तर ठरवू शकलो आहे, पण लिहवत नाही.

मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

शेवंता म्हणाली, रागाने नाही, समजावल्यासारखं, “मध्या, ‘ळ’ तं आठवते ना बे तुले?”

मी खाली पाहिलं. गुरुजी पुढे आले, तिच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “चाल बाई,” आणि ते दोघं बाहेर गेले. थोड्या वेळाने घंटा झाली. रोजच्यासारखीच, तितकेच टोले. त्यांनी ती घंटा वाजवली कशी, हे मला कळत नाही.

दादा घरी आले ते सरळ माळ्यावर चढले. रजिस्टर खाली काढून त्यांनी मायपुढे टाकलं. “हे भिजू घाल. टोपलं मोडलं म्हणत होती ना.” मायने पानं चाचपली आणि खूष झाली. “चांगला कागद हाये हो. घट्ट होईन.” मग मला म्हणाली, “मधू, फाड रे बाळा बारीक बारीक. माह्ये हात पिठाचे हायेत.”

मी फाडलं. फॉर्मची मुदत संपायला तेव्हाही चार दिवस होते. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, आणि लाइन आमच्या अंगणातून दिसत होती. नाला ओलांडायला मला धावत दोन मिनिटं लागायची. पहिलं पान मी वेगळं काढून ठेवलं होतं, हे खरं आहे. मग ‘झालं का रे’ म्हणून मायने विचारलं आणि मी तेही फाडलं.

ते टोपलं घट्ट झालं. आमच्या घरात दुसरं कुठलं टोपलं इतकी वर्षं टिकलं नाही. वरून चिकटवायला मायने न भिजवलेले काही तुकडे राखून ठेवले होते, पांढरे, जाड, काळ्या शाईचे. दोन वेळा त्यातून भाकर काढून आम्ही जेवायचो. दादाही जेवायचे. मी वरचा तुकडा दिसू नये म्हणून टोपलं फिरवून ठेवायचो, आणि माय भाकर टाकताना ते पुन्हा फिरायचं.

पुढच्या उन्हाळ्यात शेवंताचं लग्न मेहकरकडे ठरलं. जिनातली तिची आई आमच्याकडे अंगण सारवायला यायची, म्हणून निरोप घ्यायला ती शेवंताला घेऊन आली. दोघी अंगणात बसल्या. माय मायाळू होती. तिने शेवंताला हळद-कुंकू लावलं, चोळीचा खण दिला, आणि जेवल्याशिवाय जाऊ देईना. टोपलं बाहेर आणून तिने वरूनच शेवंताच्या हातावर भाकर टाकली, भाकरीवर ठेचा. शेवंता घास मोडता मोडता थांबली. टोपलं तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“मावशी, याच्यावर अक्षर दिसते.”

“रद्दीचं व्हय बाई. मध्याच्या शाळेतलं.”

तिने मान वाकडी करून वाचलं. काय वाचलं ते मला माहीत नाही. नाव नव्हतं, मी रोज पाहायचो. तारखेचा तुकडा होता एक, आणि एक नुसतं ‘बाप मजूर’. पण ते गुरुजींचं अक्षर होतं, आणि ज्या हाताने लिहायला शिकवलं तो हात तिला कळला नसता असं मी कसं म्हणू? तिने ओसरीकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. तिने भाकर पदरात बांधली, मायच्या पाया लांबूनच पडली आणि म्हणाली, “येते मावशी.” जाताना माझ्याजवळून गेली तेव्हा मी वाट पाहत होतो की ती ‘नवरदेव’ म्हणेल, थुंकेल, काहीतरी करेल. मी तिथे उभाच नसल्यासारखी ती निघून गेली.

हिवराळे गुरुजी त्यानंतर फार दिवस शाळेत राहिले नाहीत. आधी घंटा उशिरा होऊ लागली, मग एक दिवस झालीच नाही. ते लाइनीतच वारले. लाइन पुढे पाडली, जिन बंद पडलं, आता तिथे मंगल कार्यालय आहे. माझं सगळं बरं झालं. मी शिकलो, मास्तर झालो, त्याच शाळेत हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. ज्या खुर्चीत बसून मला विचारलं होतं त्या खुर्चीत मी अकरा वर्षं बसलो. रजिस्टर माझ्याच कुलपात होतं. पुरवणी जोडायला मला कुणाची परवानगी लागली असती? मी जोडली नाही. दादा हयात आहेत तोवर नको, असं म्हणत होतो. दादा गेल्यावर म्हणालो, माय आहे तोवर नको.

यंदाचं पत्र आलं तेव्हा मी आताच्या हेडमास्तरीणबाईंकडे गेलो आणि सांगितलं की पहिलं नाव चुकीचं आहे. त्यांनी चहा मागवला. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “सर, इतक्या जुन्या नोंदीत मला बदल करता येत नाही. आणि कागद काहीच नाही. तुमच्या सांगण्यावरून वर काय पाठवू?” मग म्हणाल्या, “आणि आता याचा उपयोग कुणाला, सर?”

म्हणून मी मेहकरला गेलो. एसटीने, एकटाच. देवळामागच्या वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. शेवंता नव्हती, चार वर्षांपूर्वी गेली होती. तिची मुलगी होती, पन्नाशीची, भाजीचं दुकान चालवणारी, दात तसेच किंचित पुढे. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, तुझी आई आमच्या शाळेची पहिली विद्यार्थिनी. माझं अक्षर तिने वळवलं. ती सातवीला बसणार होती, मास्तरीणबाई होणार होती.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हसली. तोंडावर हात नाही ठेवला.

“काका, तुमचं काही चुकून राह्यलं. आमची माय अडाणी होती.”

“नाही, नाही. शेवंता सखाराम तायडे. खामगावची, जिनामागची.”

“हाव, तेच नाव. पण तिले कुठी लिहिता येत होतं? रेशन कारडावर अंगठा, बँकेत अंगठा. आम्ही शाळेत असताना म्हणायचो, माय, तुयं नाव तरी लिहाले शिक. तं म्हणे, मले कायले पाह्यजे नाव.” तिचा आवाज जरा खाली आला. “कधी पाटीले हात नाही लावला तिनं. आमची पाटी पडली असली तं वलांडून जाये.”

बाहेर कुणीतरी वांग्यांचा भाव विचारत होतं. ती उठली, तराजू धरला, भाव सांगितला, परत आली. मघापेक्षा जवळ बसली आणि अगदी लहान मुलीसारखं तिने विचारलं, “काका, खरंच तिले लिहिता येत होतं? काही कागद होता का हो तिचा? एखांदा?”

आणि मी, शहात्तर वर्षांचा माणूस, एवढ्यासाठीच घरून निघालेला, म्हणालो, “नाही बाई. मला आठवत नाही.”

तिने मला एसटीपर्यंत सोडलं, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या आणि पैसे घेतले नाहीत. जुड्या घरी आणून मी तशाच ठेवल्या. त्या सुकून गेल्या. हे पुस्तक छापून आलं की त्यातली एक प्रत मी तिला पाठवणार आहे, म्हणून शेवटची ओळ तिच्यासाठी लिहितो. कागद होता. त्याच्या पहिल्या ओळीत तुझ्या आईचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि तिची जन्मतारीख होती, आणि तो मी फाडून मायच्या घमेल्यात टाकला.